भूकंप : हादऱ्याची दिशा आणि वास्तूंची सुरक्षितता

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



११ डिसेंबर १९६७ या दिवशी पहाटे चारच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचा परिसर ६.३ महत्तेच्या भूकंपाने हादरला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरे जमीनदोस्त झाली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, परंतु त्याच्या उंच ठोकळ्यांना आडव्या भेगा पडल्या. या धरणाच्या गॅलरीत बसविलेल्या त्वरणलेखक यंत्राने त्या पहाटेची जी नोंद केली, ती पुढे जगभरच्या भूकंप अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात समाविष्ट झाली.

त्या नोंदीत एकाच धक्क्याचे तीन निरनिराळे आकडे आहेत. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्व त्वरणाच्या ०.६३ पट होते. नदीच्या प्रवाहाच्या, म्हणजे धरणाला आडव्या दिशेने ते ०.४९ पट होते. आणि उभ्या दिशेने ०.३४ पट. भूकंप एक, स्थळ एक, क्षणही जवळजवळ एकच. तरीही दोन आडव्या दिशांतील आकड्यांत जवळपास तीस टक्क्यांचा फरक होता.

याहून विचार करायला लावणारी बाब पुढे आहे. सर्वाधिक त्वरण धरणाच्या लांबीच्या दिशेने नोंदले गेले. मात्र धरणाला भेगा पडल्या त्या प्रामुख्याने आडव्या दिशेतील हादऱ्यामुळे. लांबीच्या दिशेने धरणाचे ठोकळे एकमेकांना खेटून, दोन्ही काठांच्या डोंगरांत रुतून उभे असतात. आडव्या दिशेने मात्र प्रत्येक ठोकळा पायाशी घट्ट धरलेल्या आणि माथ्याशी मोकळ्या असलेल्या खांबासारखा डोलतो. ज्या उंचीवर धरणाच्या पाठीचा उतार एकदम बदलतो, तेथे ताण एकवटला आणि काँक्रीट तडकले. धरणाच्या अभिकल्पात भूकंपासाठी वजनाच्या केवळ पाच टक्के एवढे आडवे बल गृहीत धरलेले होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

सारांश असा की, हादऱ्याची तीव्रता दिशेनुसार बदलते आणि वास्तूची सहनशक्तीही दिशेनुसार बदलते. या दोन गोष्टी कोणत्या दिशेत एकमेकींना भेटतात, यावर वास्तू उभी राहणार की कोसळणार हे ठरते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

महत्ता आणि तीव्रता

प्रारंभी दोन संज्ञांमधील फरक स्पष्ट असणे आवश्यक आहे. भूकंपाची महत्ता म्हणजे नाभीपाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. एका भूकंपाची महत्ता एकच असते. ती मुंबईत मोजली काय किंवा टोकियोत मोजली काय, तिच्यात मूलतः फरक पडत नाही. तीव्रता म्हणजे एखाद्या विशिष्ट स्थळी जमीन किती हादरली याचे माप. ती अंतर, माती आणि भूरचना यांनुसार बदलते. वृत्तपत्रांत 'रिश्टर मापनावर ६.३ तीव्रता' असे सर्रास छापले जाते. वस्तुतः तो आकडा महत्तेचा असतो. परीक्षार्थींनी हा घोटाळा कटाक्षाने टाळावा.

तीव्रता स्थळानुसार बदलते हे पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाते. परंतु एकाच स्थळी ती दिशेनुसारही बदलते, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. पूर्व-पश्चिम हादरा आणि उत्तर-दक्षिण हादरा यांत दीडपट, क्वचित दुपटीइतकाही फरक आढळतो. १७ जानेवारी १९९५ च्या जपानमधील कोबे भूकंपात तेथील हवामान संस्थेच्या केंद्रावर उत्तर-दक्षिण दिशेने दर सेकंदाच्या वर्गास ८१८ सेंटिमीटर, तर पूर्व-पश्चिम दिशेने ६१७ सेंटिमीटर एवढे कमाल त्वरण नोंदले गेले. त्या भूकंपात सहा हजार चारशेहून अधिक माणसांनी प्राण गमावले.

दिशेचा जुना शोध

भूकंपाच्या दिशेविषयीचे कुतूहल फार प्राचीन आहे. इसवी सन १३२ मध्ये चीनमधील विद्वान चांग हंग याने एक भूकंपदर्शक पात्र तयार केले. त्याच्या आठ बाजूंना आठ ड्रॅगन आणि त्यांच्या खाली तोंड वासून बसलेले आठ बेडूक होते. धक्का बसला की एका ड्रॅगनच्या तोंडातील गोळी खालच्या बेडकाच्या तोंडात पडे आणि त्यावरून भूकंप कोणत्या दिशेला झाला हे ताडले जाई.

१६ डिसेंबर १८५७ रोजी इटलीच्या नेपल्स राज्यात मोठा भूकंप झाला. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅलेट याने तेथील गावे पालथी घातली. भिंतींच्या भेगांची दिशा, खांब कोणत्या बाजूला पडले, वस्तू किती दूर फेकल्या गेल्या याची त्याने बारकाईने मोजणी केली आणि त्या दिशा नकाशावर मागे वाढवून भूकंपाचे केंद्र शोधण्याचा प्रयत्न केला. प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेल्या भूकंपशास्त्राचा हा एक पाया मानला जातो.

भारतात १२ जून १८९७ च्या आसाम महाभूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी असेच विस्तृत सर्वेक्षण केले. शिलाँग पठाराच्या दक्षिणेस, आज बांगलादेशात असलेल्या छातक येथील एका उंच स्मारकस्तंभाचा वरचा भाग तुटून पडला होता आणि उरलेल्या भागातील एक टप्पा आपल्या जागी पिळल्यासारखा फिरला होता. धक्का जर सरळ एका रेषेत आला असेल, तर स्तंभ एका बाजूला पडावा. तो फिरावा कशासाठी? अशा निरीक्षणांनी 'धक्का अमुक दिशेने आला' या सरळसोट कल्पनेला तडा दिला.

जपानमधील शास्त्रज्ञ सेकिया यांनी यावर मोठे बोलके उत्तर दिले. १५ जानेवारी १८८७ च्या भूकंपात जमिनीचा एक बिंदू कसकसा हलला, हे यंत्राच्या नोंदींवरून काढून त्यांनी तो मार्ग तार वाकवून दाखविला. ती तार म्हणजे गुंता झालेल्या सुताची गुंडीच होती. भूकंपात जमीन एका रेषेत मागेपुढे होत नाही. ती वळते, वळसे घेते, दिशा बदलते. मात्र हा गुंता सर्व बाजूंना सारखा पसरलेला नसतो. कोठेतरी तो अधिक लांबलेला असतो. ही लांबलेली बाजू म्हणजेच त्या स्थळी हादरा सर्वाधिक असलेली दिशा होय.

दिशाभेदाची कारणे

हा दिशाभेद का उद्भवतो? त्याची तीन मुख्य कारणे सांगता येतात.

पहिले कारण तरंगांच्या स्वरूपात आहे. प्राथमिक तरंगांत कण तरंगाच्या प्रवासाच्या दिशेनेच पुढेमागे होतात. दुय्यम तरंगांत ते प्रवासाच्या दिशेला काटकोनात हलतात. आडव्या हादऱ्याचा मोठा वाटा या दुय्यम तरंगांचा असतो. पृष्ठीय तरंगांचेही दोन प्रकार आहेत. लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये गणिताने दाखविलेल्या तरंगांत कण प्रवासाच्या दिशेत आणि उभ्या दिशेत मिळून लंबवर्तुळ आखतात; तर लव्ह यांनी १९११ मध्ये मांडलेल्या तरंगांत ते प्रवासाला आडवे, डावी-उजवीकडे हलतात. जे तरंग प्रबळ, त्यांची दिशा प्रबळ. ज्या भूकंपांत भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकतात, त्यांत केंद्रापासून स्थळाकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनातील हादरा, विशेषतः दीर्घ आवर्तनकालासाठी, अधिक असण्याकडे कल दिसतो, असे अलीकडील अभ्यासांतून पुढे आले आहे.

दुसरे कारण भ्रंश कसा फाटतो यात आहे. भूकंप एका बिंदूत होत नाही. भ्रंशाची फाटण्याची क्रिया एका ठिकाणी सुरू होऊन सेकंदाला साधारण दोन ते तीन किलोमीटर वेगाने पुढे सरकते. हा वेग दुय्यम तरंगांच्या वेगाच्या जवळपास असतो. त्यामुळे ज्या बाजूस फाटणे पुढे जाते, त्या बाजूच्या गावांत मागून निघालेली ऊर्जा आणि पुढे निघालेली ऊर्जा जवळजवळ एकाच वेळी पोचते. हादरा थोडा वेळ टिकतो, पण अतिशय जोरकस असतो. उलट बाजूस तीच ऊर्जा लांबत जाते. हादरा अधिक वेळ टिकतो, पण सौम्य असतो. स्थानकाकडे येणाऱ्या गाडीची शिटी तीव्र स्वरात आणि दूर जाणाऱ्या गाडीची खालच्या स्वरात ऐकू येते, त्या डॉप्लर परिणामाशी याचे साम्य आहे.

२८ जून १९९२ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झालेल्या ७.३ महत्तेच्या लँडर्स भूकंपाने याचे आदर्श उदाहरण पुरविले. भ्रंश दक्षिणेकडून उत्तरेकडे फाटत गेला. उत्तरेकडील ल्यूसर्न केंद्रावर एक आखूड पण प्रचंड झटका नोंदला गेला. दक्षिणेकडील जोशुआ ट्री केंद्रावर दीर्घकाळ चाललेला, तुलनेने सौम्य हादरा नोंदला गेला. विशेष म्हणजे पुढच्या बाजूस जाणवणारा हा झटका सर्व दिशांना सारखा नसतो. भ्रंशाच्या रेषेला काटकोनात असलेल्या दिशेत तो सर्वाधिक असतो. कोबे शहरातील विध्वंसामागेही असेच झटके होते.

२५ एप्रिल २०१५ चा नेपाळ भूकंप हे भारताच्या शेजारचे उदाहरण आहे. ७.८ महत्तेच्या या भूकंपात भ्रंश गोरखा जिल्ह्यापासून पूर्वेकडे सुमारे १४० किलोमीटर फाटत गेला आणि काठमांडूचे खोरे त्याच्या मार्गावर आले. हे खोरे काही सेकंदांत दीड मीटरहून अधिक दक्षिणेकडे सरकले. तेथील नोंदीत चार ते पाच सेकंदांच्या दीर्घ हेलकाव्याचे वर्चस्व होते. परिणामी धरहरा मनोऱ्यासारखी उंच वास्तू कोसळली. मात्र शहरातील कमी उंचीच्या अनेक इमारती अपेक्षेहून कमी हानीने निभावल्या. तरीही सुमारे नऊ हजार माणसे या भूकंपाने हिरावून नेली.

तिसरे कारण स्थानिक भूमीचे आहे. मऊ गाळाने भरलेल्या खोऱ्यांत तरंग काठांवर आदळून परततात, अडकून राहतात आणि खोऱ्याच्या आकारानुसार विशिष्ट दिशेला बळ देतात. लांबट डोंगरधारेवर धारेला काटकोनात असलेल्या दिशेतील हादरा वाढलेला आढळतो. कागदाची घडी उभी करून टेबलाला हलकासा धक्का दिल्यास ती लांबीच्या दिशेने फारशी हलत नाही, आडव्या दिशेने मात्र डोलते. डोंगरधारेचे वर्तन काहीसे तसेच असते. हिमालयातील अनेक गावे अशा धारांवर वसलेली आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

मोजमापाचा पेच

यंत्रे दोन परस्परलंब आडव्या दिशांतील हालचाल नोंदवितात. बहुधा या दिशा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असतात; कोयनेप्रमाणे कधी त्या वास्तूच्या अक्षांनुसार असतात. परंतु जमीन यंत्राची मांडणी विचारून हलत नाही. येथूनच पेच सुरू होतो.

एक साधे गणित पाहावे. समजा, जमीन एकाच रेषेत, ईशान्य-नैर्ऋत्य दिशेत हलली आणि तिचा कमाल हादरा १० एकक होता. यंत्राचे दोन कान उत्तर आणि पूर्व या दिशांना असतील, तर ते दोन्ही ४५ अंशांनी तिरपे ठरतात आणि प्रत्येकावर सुमारे ७ एककांची नोंद होते. नोंद वाचणारा समजेल की या स्थळी कमाल हादरा ७ एकक होता. प्रत्यक्षात तो १० होता. आता तेच यंत्र ४५ अंशांनी फिरवून बसविले असते, तर एका कानावर १० आणि दुसऱ्यावर शून्य नोंदले गेले असते. दोन्ही आकड्यांचा भूमितीय मध्य काढण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. पहिल्या मांडणीत तो ७ येतो, दुसऱ्या मांडणीत शून्य! भूकंप तोच, जमीन तीच. केवळ यंत्र फिरविल्याने उत्तर बदलले.

हा दोष दूर करण्यासाठी नवी पद्धत पुढे आली. यंत्राच्या दोन नोंदींवरून कोणत्याही तिसऱ्या आडव्या दिशेतील हालचाल गणिताने काढता येते. म्हणून शून्य ते १८० अंशांपर्यंत एकेक अंशाने दिशा फिरवून प्रत्येक दिशेतील तीव्रता काढली जाते. त्या सर्व मूल्यांतील मध्यक आणि कमाल मूल्य, अशी दोन मापे मिळतात. यंत्र कसेही बसविलेले असले, तरी ही मापे बदलत नाहीत.

कमाल मूल्य आणि मध्यक यांचे गुणोत्तर त्या स्थळाच्या दिशाभेदाचे निदर्शक ठरते. जमीन वर्तुळाकार फिरत असेल, तर सर्व दिशा सारख्या आणि गुणोत्तर १. ती एकाच रेषेत हलत असेल, तर गुणोत्तर १.४१, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाइतके. प्रत्यक्ष भूकंपांच्या हजारो नोंदी तपासल्यावर सरासरीने हे गुणोत्तर अल्प आवर्तनकालासाठी सुमारे १.२ आणि दीर्घ आवर्तनकालासाठी त्याहून थोडे अधिक, १.२५ च्या आसपास आढळते. याचा अर्थ असा की, मध्यकावर विसंबून राहणारा अभियंता सर्वाधिक हादऱ्याची दिशा सरासरीने सतरा ते वीस टक्क्यांनी कमी लेखत असतो.

येथे आवर्तनकाल ही संज्ञा समजून घेणे इष्ट ठरेल. प्रत्येक इमारतीचा डोलण्याचा स्वतःचा ठेका असतो. ढोबळमानाने मजल्यागणिक ०.१ सेकंद धरला जातो. दोन मजली घराचा आवर्तनकाल सुमारे ०.२ सेकंद, तर वीस मजली इमारतीचा सुमारे २ सेकंद. जमिनीच्या हादऱ्यातील जो ठेका इमारतीच्या ठेक्याशी जुळतो, तो तिला सर्वाधिक डोलवितो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. एकाच नोंदीत ०.२ सेकंदासाठी सर्वाधिक हादऱ्याची दिशा उत्तर असू शकते आणि २ सेकंदांसाठी ती आग्नेय असू शकते. म्हणून 'या गावात भूकंपाची दिशा कोणती होती' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कोणत्या वास्तूसाठी, हा उपप्रश्न विचारावाच लागतो.

ही दिशा आधी सांगता येईल काय? भ्रंशापासून सुमारे पाच किलोमीटरच्या आत आणि एक सेकंदाहून दीर्घ आवर्तनकालासाठी ती भ्रंशाला काटकोनात असण्याची शक्यता अधिक असते. त्यापलीकडे, विशेषतः कमी उंचीच्या घरांसाठी, ती बहुतांशी यादृच्छिक मानावी लागते. म्हणून सामान्य घर सर्व दिशांनी सक्षम असणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

वास्तूंच्या दुबळ्या दिशा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत तो मध्यम होता. तरी हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गाडली गेली. तेथील घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. अशी भिंत तिच्या लांबीच्या दिशेने बरीच बळकट असते. परंतु तिला आडव्या दिशेने हादरा बसला, की ती उभ्या ठेवलेल्या पत्त्याप्रमाणे बाहेर कलंडते. दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर जोडणारे आरपार दगड नसल्याने थर सुटे झाले आणि माळवदाचे वजन खाली आले.

चौकोनी खोलीच्या दोन भिंती एका दिशेच्या, तर दोन भिंती दुसऱ्या दिशेच्या असतात. हादरा कोणत्याही दिशेने आला, तरी दोन भिंती बळकट बाजूने त्याला सामोऱ्या जातात आणि दोन दुबळ्या बाजूने. कोपरे पक्के जोडलेले असतील, तर बळकट भिंती दुबळ्या भिंतींना धरून ठेवतात. कोपरे उसवले की चारही भिंती एकाकी पडतात. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा हेच काम करतो. पेटीला दोरीने करकचून बांधावे, तसा तो घराला बांधतो. दिशाभेदाच्या समस्येवरील हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, असे म्हणता येईल.

शहरी इमारतींचे दुबळेपण निराळे असते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाने केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती पाडल्या. त्यांपैकी अनेकींचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा ठेवलेला होता. रस्त्याकडेच्या दुकानांच्या इमारतींत तीन बाजूंना भिंती आणि रस्त्याच्या बाजूला शटर असतात. अशी इमारत रस्त्याला समांतर दिशेने दुबळी असते. शिवाय एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पोकळी असल्याने ती हादऱ्यात पिळलीही जाते.

खांबांचेही असेच आहे. २३० मिलिमीटर रुंद आणि ४५० मिलिमीटर खोल असा आयताकृती खांब भिंतीत लपतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. परंतु त्याचा एका दिशेतील ताठरपणा दुसऱ्या दिशेच्या जवळपास चौपट असतो. सर्व खांब एकाच दिशेने मांडले, तर संपूर्ण इमारत एका दिशेत बलवान आणि दुसऱ्या दिशेत दुर्बल होते. काही खांब एका दिशेने आणि काही दुसऱ्या दिशेने मांडल्यास खर्च फारसा वाढत नाही. सुरक्षितता मात्र लक्षणीय वाढते.

या उलट गोल मनोरा, धुराडे किंवा नळकांडीसारख्या आधारावरील पाण्याची टाकी घ्यावी. तिला सर्व दिशा सारख्याच. त्यामुळे सर्वाधिक हादरा ज्या दिशेत येईल, ती दिशा अशा वास्तूला हमखास सापडते. २००१ च्या भूकंपात गुजरातेतील अशा अनेक टाक्यांच्या नळकांडी आधारांना तळाशी गोलाकार भेगा पडल्या. भूकंपानंतर पिण्याचे पाणी आणि अग्निशमन यांची निकड सर्वाधिक असते, हे लक्षात घेता या वास्तूंचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

संहितेची भूमिका

भारतीय मानक संस्थेने भूकंपरोधक अभिकल्पाची आय.एस. १८९३ ही संहिता १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्यानंतर १९६६, १९७०, १९७५, १९८४, २००२ आणि २०१६ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. कोयनेच्या धक्क्याचे पडसाद १९७० च्या आवृत्तीत उमटले. दक्षिणेचे पठार भूकंपमुक्त आहे ही समजूत मागे पडली. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग रद्द होऊन दोन ते पाच असे चार विभाग उरले. त्या नकाशानुसार देशाचा सुमारे ५९ टक्के भूभाग मध्यम ते अतितीव्र हादऱ्याच्या छायेत येतो.

दिशेसंबंधी या संहितेची भूमिका दुहेरी आहे. इमारतीचे खांब आणि भिंती दोन परस्परलंब दिशांतच मांडलेल्या असतील, तर प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्रपणे पूर्ण भूकंपबल गृहीत धरून अभिकल्प तपासावा. मांडणी तिरपी असेल, तर एका दिशेत शंभर टक्के आणि त्याच वेळी दुसऱ्या दिशेत तीस टक्के बल धरावे. तीस टक्केच का? दोन दिशांतील कमाल हादरे एकाच क्षणी येत नाहीत. एका दिशेत झटका शिगेला पोचलेला असतो, तेव्हा दुसऱ्या दिशेत तो अंशतःच असतो. हा अंश व्यवहारात तीस टक्के मानला गेला आहे. तिरप्या हादऱ्यात कोपऱ्यांतील खांबांवर दोन्ही दिशांचा भार एकदम येतो, म्हणून या तरतुदीचे महत्त्व आहे.

अमेरिकेतील अभिकल्प मानकाने २०१० च्या आवृत्तीत आणखी एक पाऊल टाकले आणि सर्वाधिक हादऱ्याच्या दिशेतील तीव्रता हाच आधार मानला. त्यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. एका पक्षाच्या मते इमारतीची दुबळी दिशा आणि हादऱ्याची कमाल दिशा जुळणे हा योगायोग आहे. तो प्रत्येक इमारतीसाठी गृहीत धरल्यास खर्च अकारण वाढतो. दुसऱ्या पक्षाच्या मते गोल वा सर्व दिशांना समान वास्तूंबाबत तो योगायोग नसून खात्री आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. किती जोखीम पत्करावी आणि तिच्यासाठी किती खर्च करावा, हा प्रश्न अखेर समाजाच्या निवडीचा असतो. विज्ञान त्या निवडीला आकडे पुरविते.

प्रशासनापुढील कर्तव्ये

१९६० मध्ये तत्कालीन रुरकी विद्यापीठात भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणाची आणि संशोधनाची स्वतंत्र व्यवस्था झाली आणि प्राध्यापक जय कृष्ण यांच्या नेतृत्वाखाली या विद्याशाखेने देशात मूळ धरले. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. भूविज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र देशभरच्या नोंदी घेते. संस्था आहेत, संहिता आहे, ज्ञानही आहे. उणीव आहे ती हे ज्ञान तालुक्याच्या गावापर्यंत पोचण्याची.

विभागांचा नकाशा हादऱ्याची एकच पातळी सांगतो. दिशा सांगत नाही. म्हणून स्थानिक पातळीवर काही प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे. बांधकाम परवान्याच्या आराखड्यात दोन्ही दिशांची तपासणी झाली आहे काय? सर्व खांब एकाच दिशेने तर मांडलेले नाहीत? तळमजल्याची मोकळी बाजू कोणत्या दिशेला आहे? शाळा, रुग्णालय, पाण्याची टाकी ज्ञात भ्रंशालगत तर येत नाही? यंत्र बसविताना त्याची उत्तर दिशा अचूक नोंदली गेली आहे काय? भूकंपानंतरच्या पंचनाम्यात केवळ 'घर पडले' असे न लिहिता भिंत कोणत्या दिशेची होती आणि ती कोणत्या बाजूला पडली, हे नमूद केले जाते काय? मॅलेट आणि ओल्डहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात जे पायी फिरून नोंदविले, ते आजच्या तलाठ्याला आणि कनिष्ठ अभियंत्याला एका होकायंत्राच्या साह्याने सहज नोंदविता येईल.

परीक्षेच्या दृष्टीने या विषयाचे सार थोडक्यात सांगायचे तर ते असे : महत्ता एक असते, तीव्रता स्थळागणिक आणि दिशेगणिक भिन्न असते, तरंगांचे स्वरूप, भ्रंशाची फाटण्याची दिशा आणि स्थानिक भूमी ही दिशाभेदाची कारणे, सर्व दिशांतील मध्यक आणि कमाल मूल्य ही त्याची मापे, आणि दोन्ही दिशांत सक्षम, कोपऱ्यांत पक्की जोडलेली रचना हे त्यावरील उत्तर.

श्रोत्यांपैकी काहीजण उद्या एखाद्या जिल्ह्याचे, नगरपालिकेचे वा बांधकाम विभागाचे काम पाहतील. त्यांच्या टेबलावर आराखडे येतील आणि त्यांवर स्वाक्षरी होईल. किल्लारीच्या भिंती आणि अहमदाबादचे मोकळे तळमजले एका पहाटे, एका सकाळी कोसळले; पण त्यांचे दुबळेपण बांधकामाच्या दिवसापासून तेथे होते. भूकंप कोणत्या दिशेने येईल हे सांगता येत नाही. घर कोणत्या दिशेने दुबळे आहे हे मात्र आराखड्यावरून आजच सांगता येते, आणि तेवढे पाहिले गेले तरी असंख्य जीव वाचू शकतील.